वाचकांचे प्रश्न : ॲसिड रिफ्लक्सची नोंद आणि तिचा कोड

मेडिकल कोडिंगविषयी, म्हणजे रुग्णाच्या नोंदीतील निदानांना ठरावीक कोड देण्याच्या कामाविषयी, आलेल्या पत्रांमध्ये या वेळी ॲसिड रिफ्लक्सने (पोटातील आम्ल अन्ननलिकेत वर येण्याने) बाकीच्या सगळ्या आजारांना मागे टाकले आहे. आजार रोजच्या परिचयाचा आणि त्याचे कोडही मोजकेच असताना एवढे प्रश्न का पडावेत, याचे उत्तर पत्रे वाचतानाच मिळत जाते. कोड निवडणे अवघड नसते. डॉक्टरांनी नेमके काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहून गेले आहे, हे ओळखणे अवघड असते. बहुतेक पत्रलेखक अमेरिकेतील नोंदींवर काम करणारे किंवा तेथे राहणारे असल्यामुळे पुढील उत्तरे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या आयसीडी-१०-सीएम या अमेरिकी आवृत्तीला आणि तिच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांना धरून दिली आहेत.

प्रश्न : मी कोडिंगच्या कामात नवीन आहे. डॉक्टरांच्या नोंदीत 'जीईआरडी, पँटोप्राझोल चालू ठेवावे' एवढेच वाक्य असते (जीईआरडी म्हणजे रिफ्लक्सचा आजार, पँटोप्राझोल हे आम्ल कमी करणारे औषध) आणि त्याच चार्टमध्ये मागे कुठेतरी एंडोस्कोपीचा अहवाल असतो, ज्यात अन्ननलिकेला दाह असल्याचे लिहिलेले असते. अशा चार्टला मी के २१.०० लावला तर एक ऑडिटर चूक काढतात आणि के २१.९ लावला तर दुसरे. कोणाचे बरोबर?

उत्तर : आपण चार्टचे जे वर्णन केले आहे, त्यावरून दोघांचेही बरोबर असू शकते, कारण निर्णय त्या अहवालाच्या तारखेवर आणि तो लिहिणाऱ्यावर अवलंबून आहे. आधी कोड पाहू. अन्ननलिकेच्या दाहाशिवाय रिफ्लक्स असेल तर के २१.९. दाहासह असेल तर पूर्वी के २१.० हा एकच कोड होता; १ ऑक्टोबर २०२० पासून त्याचे दोन भाग झाले असून रक्तस्राव नसल्यास के २१.०० आणि असल्यास के २१.०१ लावावा लागतो. नोंदीत नुसते 'जीईआरडी' लिहिलेले असेल, तर कोडपुस्तकातील आजारांच्या नावांची सूची आपल्याला के २१.९ कडेच नेते. दाह नसल्याचे डॉक्टरांनी तपासून लिहिले असो वा दाहाविषयी काहीच लिहिले नसो, दोन्ही प्रसंगी हाच कोड लागतो. ही या कोडची मोठी उणीव आहे असे मला वाटते, पण ती दूर करणे कोडरच्या हातात नाही.

आता अहवालाकडे वळू. ज्या भेटीचा कोड आपण लावत आहात, त्याच भेटीत पोटविकारतज्ज्ञांनी एंडोस्कोपी केली असेल आणि निष्कर्षात 'रिफ्लक्स इसोफॅजायटिस' (रिफ्लक्समुळे अन्ननलिकेला आलेला दाह) असे स्पष्ट लिहून सही केली असेल, तर के २१.०० लावायला काहीच हरकत नाही. मात्र अहवाल जुना असेल आणि आजच्या नोंदीत डॉक्टरांनी त्याचा उल्लेखही केला नसेल, तर तो उकरून काढून आजच्या भेटीला जोडता येत नाही, कारण प्रत्येक भेटीची नोंद स्वतःच्या पायावर उभी असावी लागते. तेव्हा दिसलेला दाह औषधाने भरून आलेला असण्याची शक्यता बरीच असते, आणि तो भरला की नाही हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

दाह आणि रिफ्लक्स या दोन्हींची नोंद वेगवेगळ्या ओळींत असेल, तर त्यांचा संबंध डॉक्टरांनी शब्दांत सांगायलाच हवा असे नाही. सूचीमध्ये रिफ्लक्सच्या नोंदीखाली 'सह' या शब्दाने दाह जोडलेला आहे आणि सूचनांनुसार अशा जोडीचा संबंध गृहीत धरला जातो. हे गृहीतक डॉक्टरांनी दाहाचे दुसरे कारण लिहिले की गळून पडते. कँडिडा बुरशीमुळे झालेला दाह बी ३७.८१ मध्ये जातो आणि इओसिनोफिलिक दाह के २०.० मध्ये. अहवालात अन्ननलिकेचे क्षत किंवा व्रण लिहिलेला असेल, तर के २२.१० किंवा रक्तस्रावासह के २२.११ पाहावा लागतो. नवशिके कोडर येथे घाईने के २१.०० लावून मोकळे होतात.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती बायॉप्सीच्या अहवालात. बाह्यरुग्ण भेटीत पॅथॉलॉजिस्टने निश्चित लिहिलेल्या निदानाचा कोड लावता येतो, कारण तेही डॉक्टरच आहेत. पण त्यांच्या अहवालातील नेहमीचे वाक्य 'रिफ्लक्स इसोफॅजायटिसशी सुसंगत' अशा धाटणीचे असते, आणि 'सुसंगत' हा शब्द सूचनांमध्ये 'संभाव्य', 'संशयित', 'शंकास्पद' यांच्या रांगेत अनिश्चित निदानाचा शब्द म्हणून दिलेला आहे. म्हणून बाह्यरुग्ण चार्टमध्ये केवळ त्या वाक्यावर के २१.०० लावता येत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी निदान निश्चित लिहिलेले असावे लागते. आंतररुग्ण चार्टमध्ये तर पॅथॉलॉजीचा निष्कर्ष, कितीही निश्चित असला तरी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नोंदीत स्वीकारल्याशिवाय कोड होत नाही.

पँटोप्राझोलविषयी एक सावधगिरी. औषधावरून निदान ओळखण्याचा मोह प्रत्येक कोडरला होतो. हीच औषधे वेदनाशामक गोळ्यांनी पोटात व्रण होऊ नये म्हणूनही दिली जातात, अतिदक्षता विभागातील रुग्णांना ताणामुळे होणारे व्रण टाळण्यासाठीही दिली जातात आणि कित्येकदा कोणी बंद न केल्यामुळे नुसतीच चालू राहिलेली असतात. औषधांच्या यादीत ओमेप्राझोल आहे आणि निदानांच्या यादीत काही नाही, तर रिफ्लक्सचा कोड लागत नाही.

प्रश्न : माझे वडील छातीत दुखू लागल्यामुळे आपत्कालीन विभागात गेले. हृदयाच्या सगळ्या तपासण्या ठीक आल्या, रात्रभर त्यांना निरीक्षणाखाली ठेवले आणि सकाळी 'बहुधा ॲसिड रिफ्लक्स' असे सांगून घरी सोडले. विमा कंपनीकडून आलेल्या कागदावर मात्र छातीतील वेदनेचा कोड दिसतो, रिफ्लक्सचा नाही. हा कोड चुकीचा आहे का?

उत्तर : आपण लिहिले आहे त्यावरून कोड बरोबर दिसतो, आणि त्याचे सगळे कारण 'बहुधा' या शब्दात आहे. अमेरिकी सूचनांनुसार बाह्यरुग्ण भेटीत अनिश्चित निदानाचा कोड लावायचा नसतो. त्या भेटीत निश्चित कळलेल्या गोष्टीचा, म्हणजे बहुतेक वेळा लक्षणाचाच, कोड लावायचा असतो. त्यामुळे डॉक्टरांनी वेदनेचे स्वरूप अधिक स्पष्ट केले नसेल, तर आर ०७.९ हाच कोड येतो. आपल्या वडिलांनी रात्र रुग्णालयाच्या खाटेवर काढली असली, तरी निरीक्षणाखाली असलेला रुग्ण नियमांच्या दृष्टीने बाह्यरुग्णच असतो, आणि ही गोष्ट घरच्यांना सहसा कोणी समजावून सांगत नाही.

त्यांना रीतसर दाखल करून घेतले असते आणि घरी सोडतानाच्या अंतिम नोंदीत हेच 'बहुधा रिफ्लक्स' लिहिले असते, तर नियम नेमका उलटा झाला असता. आंतररुग्णाच्या बाबतीत घरी सोडताना अनिश्चित राहिलेले निदान ते सिद्ध झाल्याप्रमाणेच कोड केले जाते, म्हणून तेथे के २१.९ आला असता. एकच आजार, एकच शब्द आणि तरीही दोन वेगळे कोड, हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटते यात नवल नाही. पण बाह्यरुग्णाच्या खात्यावर न सिद्ध झालेला आजार कायमचा चिकटू नये, हे रुग्णाच्या हिताचेच आहे. पुढे पोटविकारतज्ज्ञांनी तपासून रिफ्लक्सचे निदान निश्चित केले, तर त्या भेटीपासून तो कोड येऊ लागेल. आधीचा कोड त्यासाठी बदलावा लागत नाही.

प्रश्न : दूध प्यायल्यावर बाहेर काढणाऱ्या तान्ह्या बाळांच्या चार्टला के २१.९ लावावा की पी ७८.८३?

उत्तर : पी ७८.८३ हा नवजात बाळाच्या रिफ्लक्सचा कोड असून नवजात काळ जन्मानंतरच्या अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत धरला जातो. त्या काळात सुरू झालेला आजार पुढेही टिकून असेल तर तोच कोड पुढे चालू ठेवायचा असतो, परंतु चौथ्या महिन्यात प्रथमच निदान झालेल्या रिफ्लक्सला के २१ च्या गटातील कोड लागतो. दोन्ही एकत्र लावता येत नाहीत. आणि डॉक्टरांनी रिफ्लक्सचा आजार न लिहिता नुसते दूध बाहेर काढणे लिहिले असेल, तर नवजात बाळासाठी पी ९२.१ आणि त्यानंतरच्या वयात आर ११.१० पाहावा.

प्रश्न : मी अमेरिकेत प्राथमिक उपचार करणारा डॉक्टर आहे. रिफ्लक्ससारख्या साध्या आजारावरही कोडिंग विभागाकडून सारख्या क्वेरी, म्हणजे नोंद स्पष्ट करण्याविषयीचे प्रश्न, येतात, आणि मी ९९२१४ या भेटीच्या वरच्या पातळीच्या कोडने पाठवलेल्या भेटी कित्येकदा ९९२१३ या खालच्या पातळीवर उतरवल्या जातात. नोंद कशी लिहावी म्हणजे हे थांबेल?

उत्तर : डॉक्टरसाहेब, आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे, म्हणून आधी भेटीच्या पातळीविषयी लिहितो. १ जानेवारी २०२१ पासून दवाखान्यातील भेटीची पातळी एकतर वेळेवर किंवा वैद्यकीय निर्णयाच्या गुंतागुंतीवर ठरते. त्या गुंतागुंतीचे तीन घटक आहेत : समस्या, तपासलेली माहिती आणि उपचारातील जोखीम. त्यांपैकी दोन घटकांनी ती पातळी गाठावी लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाचे व्यवस्थापन मध्यम जोखमीचे मानले जाते, म्हणून औषध चालू ठेवले की ९९२१४ झाला असा समज पसरला आहे. पण समस्येच्या रकान्यात 'एक जुनाट आजार, स्थिर' एवढेच असेल आणि पाहण्यासारखी तपासणी नसेल, तर मध्यम पातळीवर एकच घटक उरतो आणि भेट ९९२१३ वरच थांबते.

येथे 'स्थिर' हा शब्द कळीचा आहे. नियमांमध्ये स्थिरता उपचाराच्या उद्दिष्टाशी जोडलेली आहे. रुग्णाची अवस्था मागच्या वेळेसारखीच असली, पण उपचाराचे उद्दिष्ट गाठले गेले नसेल, तर तो आजार स्थिर धरला जात नाही. रोज गोळी घेऊनही आठवड्यातून चार रात्री घशाशी आंबट पाणी येऊन जाग येणारा रुग्ण स्थिर नाही, आणि आपण त्याच्या चार्टमध्ये सवयीने 'जीईआरडी, स्थिर, औषध तेच' असे लिहिले असेल, तर आपण केलेले काम आपल्याच लेखणीने कमी करून ठेवले आहे. त्याऐवजी नोंद अशी असू शकते : 'जीईआरडी, एंडोस्कोपी झालेली नाही, निदान लक्षणांवरून. ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम रोज नाश्त्याआधी नियमित घेऊनही आठवड्यातून चार रात्री त्रास, नियंत्रण अपुरे. गिळताना अडचण नाही, वजनात घट नाही, काळी शौच नाही. मात्रा दिवसातून दोनदा केली. आठ आठवड्यांनी फरक न पडल्यास एंडोस्कोपी.' एवढी नोंद लिहायला मिनिटभरही लागत नाही, आणि ऑडिटरला आपला विचार त्यात दिसतो. ही नोंद खरी असेल तरच लिहावी, हे सांगण्याची गरज नसावी. तरीही साच्यातून आपोआप उमटणारी 'काळी शौच नाही' ही ओळ रक्तस्रावासाठीच आलेल्या रुग्णाच्या चार्टमध्येही सापडते, म्हणून सांगून ठेवतो.

क्वेरींचे म्हणाल तर त्या बहुधा चार-पाच ठरावीक ठिकाणी अडतात. 'जीईआरडीचा इतिहास' हे शब्द त्यांत पहिल्या क्रमांकावर आहेत. आपल्याला त्यातून 'याला बऱ्याच काळापासून रिफ्लक्स आहे' असे म्हणायचे असते, परंतु कोडिंगमध्ये 'इतिहास' म्हणजे होऊन गेलेला आणि आता नसलेला आजार, ज्याला झेड ८७.१९ लागतो, आणि त्याच रुग्णाला औषध चालू असल्यामुळे कोडर गोंधळून क्वेरी पाठवतो. आजार आज आहे तर 'आहे' असेच लिहावे.

लक्षणे आणि आजार यांचा संबंध ही दुसरी जागा. छातीतील जळजळ हा रिफ्लक्सचाच भाग असल्यामुळे आर १२ हा कोड के २१.९ बरोबर लावला जात नाही. मात्र जुनाट खोकला रिफ्लक्समध्ये नेहमीच असतो असे नाही. तो रिफ्लक्समुळे आहे असे आपण लिहिलेत, तर आर ०५.३ हा कोडही सोबत लावता येतो, आणि खोकल्यासाठी मागवलेल्या छातीच्या एक्स-रेचे कारणही दिसून येते. हायेटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणे) आढळला असेल तर त्याचा के ४४.९ स्वतंत्र लागतो, म्हणून तो अहवालातच न ठेवता निदानांच्या यादीत आणावा.

एंडोस्कोपी झालेल्या रुग्णाच्या बाबतीत लॉस एंजेलिस ग्रेड (दाहाची ए ते डी अशी तीव्रता) अवश्य लिहावी, जरी तिला स्वतंत्र कोड नाही. पाच मिलिमीटरच्या आतील एखादी भेग असलेला ए ग्रेड आणि अन्ननलिकेचा पाऊण किंवा त्याहून अधिक घेर व्यापणारा डी ग्रेड हे दोघेही के २१.०० मध्येच जातात, इतका हा कोड जाड आहे. पुढे शस्त्रक्रियेची किंवा जास्त मात्रेच्या औषधाची पूर्वपरवानगी मागताना मात्र ग्रेडच उपयोगी पडते. रिफ्लक्सच्या निदानाविषयी तज्ज्ञांनी केलेल्या ल्यॉन सहमतीच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार बी, सी आणि डी या ग्रेड रिफ्लक्सचा निर्णायक पुरावा मानल्या जातात, ए मानली जात नाही. आणि पीएच चाचणीत आम्ल अन्ननलिकेत राहण्याचा काळ सहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तोही निर्णायक असतो. चाचणी झाली असल्यास तो आकडाच नोंदीत उतरवावा. 'चाचणी सकारात्मक' एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही.

राहिला बॅरेटचा, म्हणजे रिफ्लक्समुळे अन्ननलिकेच्या अस्तरात होणाऱ्या बदलाचा, प्रश्न. एंडोस्कोपीत अस्तराचा रंग बदललेला दिसला म्हणून 'बॅरेट असावा' लिहिले, तर तो बाह्यरुग्ण चार्टमध्ये कोड होत नाही. बायॉप्सीने निदान निश्चित झाल्यावर डिसप्लेसिया (पेशींतील कर्करोगपूर्व बदल) आहे की नाही आणि असल्यास सौम्य की तीव्र, हे लिहावे लागते : नसल्यास के २२.७०, सौम्य असल्यास के २२.७१०, तीव्र असल्यास के २२.७११. या रुग्णाची पुढची तपासणी किती दिवसांनी करायची, हे मुख्यतः डिसप्लेसियावर ठरते. त्यामुळे प्रत न सांगता लिहिलेला डिसप्लेसिया, म्हणजे के २२.७१९, चार्टमध्ये दिसला की अहवाल कोणी पूर्ण वाचला नाही असा संशय मला येतो.

प्रश्न : आंतररुग्ण चार्टमध्ये काळी शौच, रिफ्लक्स इसोफॅजायटिस आणि कमी झालेले हिमोग्लोबिन असे सगळे असते, पण डॉक्टरांनी त्यांचा एकमेकांशी संबंध लिहिलेला नसतो. के २१.०१ थेट लावावा की क्वेरी पाठवावी? आणि क्वेरीत काय लिहावे?

उत्तर : रक्तस्राव आणि दाह यांचा संबंधही सूचीत 'सह' ने जोडलेला असल्यामुळे, डॉक्टरांनी दोन्ही निदाने लिहिली असतील आणि रक्तस्रावाचे दुसरे कारण दिले नसेल, तर के २१.०१ लावण्यास आधार आहे; मग काळ्या शौचाचा के ९२.१ वेगळा लागत नाही. एंडोस्कोपीच्या वेळी रक्त वाहताना दिसलेच पाहिजे अशी अट नाही. परंतु त्याच अहवालात पक्वाशयातील व्रणही असेल, तर रक्त कोठून आले हे आपण ठरवू नये. तेथे क्वेरी पाठवणेच बरे.

हिमोग्लोबिनच्या बाबतीत तर क्वेरीशिवाय मार्गच नाही. आकडा कितीही खाली आला तरी आकड्याला कोड नसतो. डॉक्टरांनी ॲनिमिया लिहावा लागतो, आणि तो तीव्र रक्तस्रावामुळे असल्यास डी ६२, दीर्घकाळच्या रक्तस्रावामुळे असल्यास डी ५०.० होतो. 'रुग्णाला तीव्र रक्तस्रावाचा ॲनिमिया आहे, कृपया होकार द्यावा' अशी क्वेरी उत्तर सुचवणारी असल्यामुळे चालत नाही. त्याऐवजी चार्टमधील खुणा तारखांसह मांडाव्यात : दाखल होताना हिमोग्लोबिन ११.८, दुसऱ्या दिवशी ८.६, एंडोस्कोपीत सी ग्रेडचा दाह, स्पर्श होताच रक्त, रक्ताची एक पिशवी दिली. मग या स्थितीचे निदान विचारून पर्याय द्यावेत, आणि त्यांत 'अन्य' व 'ठरवता येत नाही' हेही असावेत. क्वेरीच्या मजकुरात उत्तराचा रुग्णालयाच्या उत्पन्नावर काय परिणाम होईल, याचा उल्लेख असता कामा नये. अमेरिकेतील आरोग्य माहिती व्यवस्थापनाची संघटना आणि क्लिनिकल डॉक्युमेंटेशन तज्ज्ञांची संघटना यांच्या संयुक्त मार्गदर्शनातही ही बंधने आहेत. उत्तर आल्यावर ते प्रगती नोंदीत किंवा डिस्चार्ज समरीत उतरलेले आहे याची खात्री करावी. क्वेरीत निवडलेला पर्याय समरीत वेगळाच निघाला तर ऑडिटमध्ये प्रश्न पुन्हा उभा राहतो.

प्रश्न : जुन्या नोंदींमध्ये रिफ्लक्ससाठी ५३०.८१ दिसतो आणि आयसीडी-११ चेही ऐकू येते. आज कोणता कोड शिकावा?

उत्तर : ५३०.८१ हा आयसीडी-९-सीएम मधील कोड आहे. त्या वेळी रिफ्लक्स इसोफॅजायटिससाठी ५३०.११ असे. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत आयसीडी-१०-सीएम लागू झाल्यावर दोन्ही कालबाह्य झाले, त्यामुळे ते जुना चार्ट वाचण्यापुरतेच माहीत असावेत. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू असून तीत हा आजार डीए २२ मध्ये आहे, पण अमेरिकेतील क्लेम अजून आयसीडी-१०-सीएम वरच जातात. आपण तेथील चार्टवर काम करत असाल तर के २१ चा गट आणि त्याच्या आजूबाजूचे के २० व के २२ हे गट नीट शिकावेत, आणि दरवर्षी १ ऑक्टोबरला लागू होणारे बदल त्याआधीच वाचून ठेवावेत.